पाणी आलं, म्हणून राहिलं

मैत्रिणींनो, आधीच एक कबुली देऊन टाकते. मी बी.ए. झाले ती साहित्याच्या ओढीने, असं आजवर चारचौघांत सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की १९९६ साली दहावीला बीजगणित-भूमितीत मी काठावर सुटले आणि आता पुन्हा या विषयाचं तोंड बघायचं नाही म्हणून आर्ट्सला गेले. आर्ट्सच्या अकरावी-बारावीलासुद्धा गणित घेता येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी घेतलं नसतंच म्हणा!

अशा बाईने 'गणितज्ञ होणं' या विषयावर लिहावं म्हणजे आंधळीने रंगांवर बोलण्यासारखं आहे. तरीही लिहिते आहे, कारण एका मुलीने मला गप्प केलं.

आमचं महिला मंडळ नाशिकरोडजवळच्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतं. समाजमंदिराची एक खोली, दोन सतरंज्या, एक फळा. आठवी ते दहावीच्या पंधरा-वीस मुली येतात. मी मराठी आणि इतिहास घेते. गणिताला शिक्षक मिळेपर्यंत एक दिवस वेळ मारून न्यायची म्हणून मी त्यांना कापरेकरांचा खेळ दाखवला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे आमच्या शेजारच्या देवळालीचे शाळामास्तर. १९३० ते १९६२ त्यांनी तिथल्या शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिले. त्यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

खेळ सोपा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, ३५२४ घेतली. अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा करा, ३०८७ येतात. आता याचंही तसंच करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८. आले ना ६१७४? कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. पोळ्या झाल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या करून बघा, मजा येते.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी मात्र गप्प होती. नववीतली, वडील रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करते. तिने हात वर केला आणि विचारलं, "काकू, हे नेहमीच होतं का? की आपण घेतल्या तेवढ्याच आकड्यांचं होतं? आणि होतं तर का होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने वहीचं मागचं पान पुढे केलं. तीन अंकी संख्यांना तोच खेळ लावला होता. तिथे सगळं ४९५ वर येऊन थांबतं. दोन अंकी संख्यांना लावला तर थांबतच नाही. ८१, ६३, २७, ४५, ९ आणि पुन्हा ८१ असं गोल गोल फिरत राहतं. कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'पाच अंकी' आणि पुढे अर्धीच वजाबाकी.

"हे का गं सोडलंस?"

"पाणी आलं ना काकू. म्हणून राहिलं."

त्या वस्तीत नळाला संध्याकाळी पाऊण तास पाणी येतं. ते भरण्याचं काम तिचं. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, पण तो बारावीत, त्याचा अभ्यास असतो!

ती वही घेऊन मी आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त प्राध्यापिकांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं. आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणतो. बाईंनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "ही मुलगी उत्तरं शोधत नाहीये, प्रश्न शोधते आहे. गणितज्ञ हेच करतो."

मी म्हटलं, "बाई, गणितज्ञ म्हणजे नेमकं कोण हो? माझ्या डोळ्यांसमोर शकुंतलादेवीच येतात, भराभर गुणाकार करणाऱ्या."

बाई हसल्या. "अगं, आमच्यातले कितीतरी जण वाण्याच्या बिलात चुकतात. हिशेब यंत्र करतं." मग त्यांनी मला विचारलं, "एक अधिक तीन किती? चार. त्यात पाच मिळव, नऊ. त्यात सात मिळव, सोळा. चार, नऊ, सोळा. काय दिसतं?" दोनाचा वर्ग, तीनाचा वर्ग, चाराचा वर्ग, एवढं मलाही दिसलं. "मग विषम संख्या अशा ओळीने मिळवत गेलं की दर वेळी वर्गच येईल, हे कशावरून? कापरेकरांच्या चार अंकी संख्या हजारांतच मोजायच्या, एकेक तपासून संपवता येतील. या संख्या तर संपतच नाहीत. किती तपासशील?"

मी गप्प. बाईंनी मला अंगणात नेलं, रांगोळीचा डबा हातात दिला. "एक ठिपका काढ. आता त्याच्या उजवीकडे आणि खाली कड लाव, दोन बाय दोनचा चौकोन होईल अशी. किती ठिपके लागले?" तीन. "आता आणखी एक कड." पाच लागले, तीन बाय तीन झाले. पुढच्या कडेला सात. प्रत्येक नवी कड आधीच्या कडेपेक्षा बरोबर दोन ठिपक्यांनी मोठी, आणि प्रत्येक कड लावली की चौकोन पुरा! शंभराव्या कडेलाही हेच होणार, हजाराव्याही. तपासायची गरजच नाही.

खरं सांगते, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी अंगणात उकिडवी बसलेली असताना मला पहिल्यांदा 'सिद्धता' या शब्दाचा अर्थ कळला. शाळेत तो मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता. पंचवीस वर्षं मी दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी काढते आहे, आणि हे माझ्या बोटांखाली होतं.

तर गणितज्ञ हे काम करतो. जे दिसतं ते नेहमीच खरं आहे का, असलं तर का, हे असं दाखवून देतो की पुन्हा शंका उरू नये. कधी त्याला दिवस लागतो, कधी शतकं. फळवाला संत्री रचतो तशी गोल वस्तूंची रचना सगळ्यात दाटीची असते, असा अंदाज केप्लरने १६११ साली केला होता. त्याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली. म्हणजे संत्री आणि लाडू रचणाऱ्यांना जे ठाऊक होतं ते सिद्ध व्हायला जवळजवळ चारशे वर्षं गेली. हाच प्रश्न आठ मितींत २०१६ साली सोडवला तो मरिना व्याझोव्स्का या युक्रेनच्या गणितज्ञ स्त्रीने. आठ मिती म्हणजे काय हे मला विचारू नका, मी बाईंना विचारून थकले! पण अशा रचनांचं गणित संदेश न चुकता पोचवण्याच्या शास्त्रात उपयोगी पडतं, आणि मूळ संख्यांचं जुनं गणित आज बँकेचे व्यवहार कुलूपबंद ठेवायला कामी येतं. ज्यांनी ते प्रथम मांडलं त्यांनी उपयोगाचा विचारही केला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण गणिताचं नव्हतं, माझ्या मुलीचं होतं.

माझी मुलगी आठवीत असताना गणितात कमी मार्क घेऊन आली. रडवेली झाली होती. मी तिला जवळ घेतलं आणि मायेने म्हणाले, "जाऊ दे गं, आपल्याकडे बायकांचं गणित कच्चंच. आजीला नाही आलं, मला नाही आलं." दोन वर्षांनी धाकट्याला जवळपास तेवढेच मार्क पडले, तेव्हा मी त्याला म्हणाले, "लक्ष देत नाहीस. उद्यापासून क्लास लावू." मुलीने पुढे अकरावी कॉमर्सला गणित सोडून एस. पी. घेतलं. धाकटा आज इंजिनीअरिंगला आहे. मध्ये एकदा मुलगी सहज बोलून गेली, "आई, तू मला समजूत घातलीस आणि त्याला क्लास लावलास." टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

तिला गणिताची आवड होती की नव्हती, मला ठाऊक नाही. तेच तर म्हणते, मी ते कळायची वेळच येऊ दिली नाही.

म्हणून या दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तरी शोध घ्यायचा असं ठरवलं. बाईंनी सांगितलेली वाट तुमच्यासाठी लिहिते, कारण आपल्याला इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या सगळ्या सीईटी तोंडपाठ असतात, ही मात्र माहीत नसते.

शाळेत असताना गणित ऑलिम्पियाड आहे. पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा, पुढे आरएमओ, मग आयएनएमओ. वरच्या टप्प्यांची व्यवस्था मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असते. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स ऑलिम्पियाड ही वेगळी स्पर्धा २०१२ साली सुरू झाली, त्यातही भारताचा संघ जातो. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था श्रीराम अभ्यंकर या थोर गणितज्ञांनी १९७६ साली स्थापन केली, तिथे शाळकरी मुलांसाठी वर्ग होतात. पण बाईंनी बजावलं, "ऑलिम्पियाडमध्ये निवड झाली नाही म्हणजे मूल कच्चं, असं मुळीच नाही. तिथे घड्याळ लावून सोडवायचं असतं. खऱ्या गणितात घड्याळ नसतं."

बारावीला गणित हवंच. त्यानंतर बंगळुरूला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.मॅथ., कोलकात्याला बी.स्टॅट., चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची पदवी. या दोन्ही संस्थांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात, आणि त्यांत पाठांतराचा काही उपयोग नाही. आपल्याकडे पुण्याची आयसर आहे, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मूलभूत विज्ञानाचं सीबीएस हे केंद्र आहे. आणि यातलं काहीच मिळालं नाही तर गावातल्या कॉलेजचं साधं बी.एस्सी. गणितसुद्धा चालतं. पुढे 'जॅम' ही परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. कॉलेजच्या मुलांसाठी एमटीटीएस नावाची उन्हाळी शिबिरं आहेत, १९९३ पासून चालू आहेत. तिथे शिक्षक नुसतं फळ्यावर लिहीत नाहीत, मुलांना विचार करायला लावतात. साध्या कॉलेजातल्या मुलींना तिथून मोठा धीर येतो, हे बाईंनी स्वतःच्या विद्यार्थिनींत पाहिलंय.

साध्या कॉलेजचं म्हणते ते उगीच नव्हे. आर. परिमला या बीजगणितातल्या जगप्रसिद्ध गणितज्ञ. चेन्नईच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलं, १९८७ साली भटनागर पुरस्कार मिळवला. नीना गुप्ता यांनी कोलकात्याच्या बेथून या मुलींच्याच कॉलेजातून बी.एस्सी. केलं. कित्येक दशकं अडलेल्या एका प्रश्नाचा मोठा भाग त्यांनी सोडवला आणि २०२१ सालचा रामानुजन पुरस्कार त्यांना मिळाला.

एवढी माहिती घेऊन मी मोठ्या उत्साहाने त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने पोळ्यांचं पीठ मळता मळता सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "ताई, पगार किती मिळतो? आणि हे संपेपर्यंत पोरीचं वय किती होईल?"

हसण्यासारखं काहीच नाही त्यात. पायाला चटके बसलेल्या बाईचे प्रश्न आहेत ते, आणि त्यांची खरी उत्तरं द्यायला हवीत.

पगाराचं आधी. पीएच.डी. म्हणजे पुन्हा फी भरत बसणं, अशी आपली समजूत असते. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर उलट सरकार पैसे देतं. २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये. तिच्या वडिलांची रिक्षा एवढं देत नाही. संशोधन करायचं नसेल तरी बँका, विमा कंपन्या, संगणक कंपन्या यांना गणित खोलात शिकलेली माणसं हवी असतात. विम्यात तर हप्ता किती ठेवायचा हे ठरवणारी माणसंच गणिताची असतात. पण गोड गोड सांगून कुणाला फसवायचं नाही मला. संशोधन संस्थांमधल्या जागा मोजक्या आहेत. आपल्या राज्यात कॉलेजातल्या कायम नोकऱ्या मिळणं अवघड झालंय, पीएच.डी. झालेली माणसंही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवताना मी पाहते. ज्या घरात उद्याच्या किराण्याची चिंता आहे, त्या घराला 'दहा वर्षं थांबा' म्हणणं सोपं नाही. म्हणून मी तिच्या आईला म्हटलं, दर टप्प्यावर एक दार उघडं ठेवू. बी.एस्सी. झाली तर शिक्षिका होता येईल, एम.एस्सी. झाली तर आणखी चांगलं. वाट मध्येच सोडली तरी फुकट जात नाही.

आणि वय? शिकत राहिली तर सत्तावीस-अठ्ठावीस. यावर तिची आई काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. मैत्रिणींनो, खरी अडचण इथेच आहे. मुलींचं डोकं गणिताला कमी पडतं, हे मला आता पटत नाही. गणिताला लागतो तो सलग वेळ, आणि मुलीच्या वाट्याला नेमका तोच येत नाही.

मरियम मिर्झाखानीचं उदाहरण घ्या. इराणची ही मुलगी लहानपणी लेखिका व्हायचं म्हणायची. सहावीच्या सुमाराला गणितात मागे पडली. हिच्यात विशेष काही नाही असं शिक्षिकेला वाटलं, आणि तिचा स्वतःवरचा विश्वासच गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षिकेने धीर दिला. हीच मुलगी १९९४ आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदकं घेऊन आली, आणि २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली. गणितातला हा सगळ्यात मोठा मान. ती स्वतःला 'सावकाश विचार करणारी' म्हणायची. जमिनीवर मोठे मोठे कागद पसरून तासन् तास आकृत्या काढत बसायची, तिच्या छोट्या लेकीला वाटायचं आई चित्रं काढतेय. २०१७ साली चाळिसाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली.

ते फील्ड्स पदक चाळिशीच्या आतल्यांनाच मिळतं. १९३६ पासून २०२२ पर्यंत ६४ जणांना मिळालं, त्यात स्त्रिया दोनच. मिर्झाखानी आणि मघाशी सांगितलेल्या व्याझोव्स्का. चाळिशीच्या आत म्हणजे कुठली वर्षं? लग्न, बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासऱ्यांचं आजारपण. आपली हीच वर्षं कुठे जातात हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आपल्या घरचंच उदाहरण म्हणजे मंगला नारळीकर. मुंबई विद्यापीठात एम.ए.ला गणितात पहिल्या आल्या, टाटा संस्थेत संशोधनाला लागल्या. मग लग्न, केंब्रिज, मुली, परत आल्यावर एकत्र घर. पीएच.डी. झाली १९८१ मध्ये, लग्नानंतर सोळा वर्षांनी. पुढे त्यांनी मुलांसाठी मराठीत किती सुंदर लिहिलं! 'गणितगप्पा' अजूनही हाताला लागलं तर मी घरच्या मुलांना देते. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा शांतपणे मुलांची बाजू मांडत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. घराला पहिलं स्थान दिलं हे त्या मोकळेपणाने सांगत, त्यात रडगाणं नसे. पण मी त्यांच्याविषयी वाचते तेव्हा एक प्रश्न मनात येतोच. त्या सोळा वर्षांतला थोडा सलग वेळ त्यांना मिळाला असता तर?

आपली लीलावतीची गोष्ट तरी काय सांगते? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला 'लीलावती' लिहिलं. मुलीच्या लग्नाची घटका हुकली, ती दुःखी झाली, म्हणून बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मूळ ग्रंथात ती नाहीच. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. गंमत बघा, चारशे वर्षं आपण ही गोष्ट किती आवडीने सांगतोय! लग्न हुकलं तर गणित. मुलीला गणित आवडत होतं म्हणून बापाने शिकवलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला का नाही सुचली?

मला मोठमोठे उपाय सुचत नाहीत. सरकारने काय करावं हे सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. मी घरात आणि वस्तीत वावरणारी बाई, मला दोनच गोष्टी सुचतात. पहिली म्हणजे, 'आमच्याकडे बायकांना गणित येत नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. मायेने तर मुळीच नाही. आपल्याला भीती वाटत असेल तर ती आपल्यापाशी ठेवावी, मुलीच्या लग्नातल्या दागिन्यांसारखी तिच्या अंगावर घालू नये. दुसरी म्हणजे, मुलगी एखादं उदाहरण घेऊन बसली असेल तर तेवढा एक तास तिला हाक मारायची नाही. पाहुणे आले म्हणून नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायला नाही, भावाचं ताट वाढायला तर नाहीच. उदाहरण सुटतंय की नाही हेही विचारायचं नाही. नुसती बसलेली दिसली तरी चालेल. बाई म्हणतात, गणितज्ञ बहुतेक वेळ नुसताच बसलेला दिसतो!

वस्तीतल्या आयांशी आम्ही हे बोललो. बोलाचाली झाल्या. "एक तास नुसतं बसायला पोरीला सोडलं तर घर कोण बघेल?" एकीने विचारलं. "आमचं आयुष्य गेलं नळाशी, तेव्हा कोण आलं होतं तास द्यायला?" दुसरी म्हणाली. तिचं काय चुकलं? शेवटी असं ठरलं, की अभ्यासिकेच्या वेळेत ज्या मुलीची पाणी भरायची पाळी असेल, तिच्या घरचे हंडे मंडळाच्या आम्ही बायका आणि मोकळे असलेले भाऊ भरतील. भावांनी पहिल्या आठवड्यात तोंडं वाकडी केली. आता दोघं-तिघं येतात. बाकीच्यांचे हंडे आम्ही भरतो. कंबर दुखते, पण चालतं.

ती मुलगी यंदा अकरावीला आहे, सायन्सला. पुढे काय होईल, मला माहीत नाही. कदाचित बारावीनंतर एखादं स्थळ येईल आणि मला पुन्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागेल. कदाचित तिचंच मन दुसरीकडे वळेल, तेही ठीकच आहे, तो तिचा निर्णय असेल. मला एवढंच हवंय, की तिची वाट पाण्याच्या हंड्यापाशी अडू नये.

परवा मी नळावर उभी होते. दुसरा हंडा भरत आला होता. ती समाजमंदिरातून धावत आली, हातात वही. मला वाटलं, काहीतरी झालं.

"काकू, पाच अंकी झालं!" ती धापा टाकत म्हणाली. "एका आकड्यावर थांबतच नाही. गोल फिरतं. पण एकच गोल नाहीये, मला तीन वेगवेगळे मिळाले. आणखी आहेत का ते अजून कळत नाही."

मी म्हटलं, "मग इथे काय करतेस? जा, बस जाऊन. अजून वीस मिनिटं आहेत."